पत्रोबाच्या आत कोण होतं

नागोरावांची उंची हा आमच्या चाळीत पहिल्यापासून बोलायचा विषय. बोईसरला ही चाळ ज्यानं बांधली त्यानं दारं इकडच्या माणसांच्या मापानं केली. सफाळे म्हणा, मुरबे म्हणा, सगळी बेताच्या उंचीची माणसं. परभणीकडून असा कुणी ताडमाड येईल हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे नागोराव जन्मभर स्वतःच्याच घरात मान खाली घालून शिरत आले, आणि त्यांची बायको बायडी तेवढीच वर्षं समजत आली की हा माणूस बाहेर काहीतरी करून आलाय म्हणून मान खाली घालतो.

बायडी त्यांच्या छातीला लागते. पण घरात उंच कोण, हे चाळीत कुणाला विचारायची गरज नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही भातलावणीच्या दिवसांत शाळेला दांड्या मारत. त्यामुळे मला गोष्ट सरळ सांगता येते, वळणं घ्यायला जास्त शिकावं लागतं. तर सरळ सांगते. नागोरावांच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती. बायकोनं एकदा म्हणावं, की तुम्ही खरं बोललात. बाकी त्यांना काही नको होतं. पेन्शन थोडं, गुडघे गेलेले, मुलगा मनीष पुण्याला. सगळं चारचौघांसारखं. फक्त हे एक राहिलं होतं, आणि ते राहिलं होतं तीस वर्षांच्या वर.

तारापूरच्या एमआयडीसीत रंगाचा माल करणाऱ्या एका कारखान्यात ते ऑपरेटर होते. ॲसिडचं काम. रबरी ॲप्रन, रबरी हातमोजे, गमबूट, तोंडावर मास्क, असं सगळं चढवून भट्टीसारख्या गरमीत अख्खी पाळी उभं राहायचं. घरी आल्यावर ओट्याच्या कडेला बसून ते बूट उलटे करायचे, तेव्हा त्यातून पाणी पडायचं. पाणी म्हणजे घाम. आमच्या मुलांना ती मोठी गंमत वाटायची.

चाळीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला. आमचे हे तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या कँटीनला होते, आणि त्यांना लोक घरी गोळा करायची हौस. रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग दारापासून नळापर्यंत जायचा. आणि त्या सुमारास टीव्हीवाल्यांना आकाशाचं वेड लागलं होतं. सासू-सुना नाहीत, खून नाहीत. जो तो उठून चंद्रावर जायचा नाहीतर यंत्राचा माणूस करायचा, आणि त्यावर आपण हसायचं.

त्यातल्या दोन मालिका एकाच वेळेला लागायच्या. एक हिंदी, ‘चौबेजी चांद पर’. चौबेजी म्हणून एक सरकारी कारकून, त्याची बदली चंद्रावर होते. बायको तिथं पापड वाळत घालते आणि ते तरंगत तरंगत शेजाऱ्याच्या बिऱ्हाडात जातात. पृथ्वीवरून पाण्याचा टँकर यायचा तो नेहमी उशिरा. काय हसायचो आम्ही! ती चांगली मालिका. सगळे म्हणायचे चांगली, आणि होतीच चांगली.

दुसरी आपली मराठी, ‘आमचा पत्रोबा’. ती वाईट. तेही सगळे म्हणायचे. एक शास्त्रज्ञ काका पत्र्याचा गडी करतो, त्याचं नाव पत्रोबा. छातीवर लाल दिवा. वहिनी त्याला सांगतात, चहात साखर घाल, तो मीठ घालतो. वहिनी सांगतात, कपड्यांना इस्त्री कर, तो काकांच्या टकलाला इस्त्री करायला धावतो. दर आठवड्याला हेच. घराचं दार लावलं की भिंत हलायची. मागून हसण्याचा आवाज सोडायचे, तो सुद्धा चुकीच्या जागी. विनोद अजून व्हायचा असायचा आणि हे हसून मोकळे.

तरी आम्ही बटण फिरवून फिरवून दोन्ही बघायचो. चांगलं बघून झालं की वाईट बघायला मजा येते. आणि वाईट बघताना बोलता येतं, चांगलं बघताना गप्प बसावं लागतं.

बायडीसुद्धा यायची. पत्रोबा चालायला लागला की ती तोंडाला पदर लावून हसायची. "ताई, ह्येच्या पायात काटा मोडलाय का वो?" असं म्हणायची. तेव्हा तिला कुठं माहीत होतं.

झालं असं. पत्रोबाचं शूटिंग चिंचणीला व्हायचं. समुद्राकडेला सुरूच्या झाडीत कुणा शेठचा बंगला होता, तो त्यांनी घेतला होता. पत्र्यात शिरायला मुंबईहून एक नट आणला होता. पण दिवस मे महिन्याचे. पहिल्या दिवशी तो चक्कर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी पत्रा बघूनच पडला. नागोराव आपल्या सुट्टीच्या दिवशी बघ्यांच्या गर्दीत उभे होते. आता गर्दीत उभे म्हणजे काय, सगळ्यांच्या वर यांचंच डोकं. त्या लोकांना पत्र्याच्या मापाचा माणूस हवाच होता.

एकानं येऊन विचारलं, "आत उभं राहता येईल का? फार गरम होतं."

नागोरावांनी विचारलं, "आत ॲसिड हाय का?"

"नाही."

"मंग काय अडचन हाय?"

असे ते पत्रोबा झाले. मालिकेच्या पाट्यांवर नाव त्या मुंबईच्या नटाचं तसंच राहिलं. आवाज मागाहून तिसऱ्याच कुणीतरी दिला. म्हणजे नाव एकाचं, आवाज दुसऱ्याचा आणि घाम आमच्या नागोरावांचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण कारखान्याचा नियम कडक, की इथं नोकरी असताना दुसरीकडे काम करायचं नाही. म्हणून नागोरावांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सुद्धा नाही, कारण बायडीला सांगणं म्हणजे नळावर सांगणं. सुट्टीच्या दिवशी निघताना ते म्हणायचे, "ओव्हरटाइम हाय." आणि सहा आसनी रिक्षात घडी होऊन बसून चिंचणीला जायचे.

पत्र्यानं अंग सोलवटून निघायचं, म्हणून ती माणसं त्यांच्या अंगावर भरपूर पावडर मारायची. गुलाबाच्या वासाची. आता तुम्हीच सांगा. जो माणूस रोज ॲसिडचा वास घेऊन घरी येतो, तो ओव्हरटाइमच्या दिवशी तेवढा आंघोळ करून, गुलाबाचा वास घेऊन येतो. कुठली बायको गप्प बसेल?

बायडी एकदा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेली. फाटकावर रामकिसन नावाचा पहारेकरी होता, सरळ माणूस. सरळ माणसांनी जेवढी घरं मोडलीत तेवढी वाकड्यांनी मोडली नसतील. तो म्हणाला, "नागोराव? भाभीजी, आज तो उनकी छुट्टी है."

त्या संध्याकाळी चाळीत कुणाच्या घरी टीव्ही लावायची गरज पडली नाही.

दोन दिवस नागोराव गप्प राहिले. रविवार आला. आमच्या खोलीत सगळे जमलेले, बायडी भिंतीला टेकून, तोंड फिरवून. पडद्यावर पत्रोबा आला. आणि नागोराव सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यो मी हाय."

"कोन?" बायडीनं विचारलं.

"त्यो पत्रोबा. मी हाय आत. सुट्टीच्या दिवशी मी तितं जातो."

बायडीनं एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"आवो, चोरी सापडली की मानूस म्हनतो मित्राकडं होतो, पत्ते खेळत होतो. तुमी म्हनायलाव पत्र्यात होतो! खोटं तरी जरा बरं बोलायचं की!"

"खरंच हाय बायडे."

"तुमी हितं बसलाव. च्या पिऊ लालाव. मंग तितं कोन चालायलंय?"

"ते आधी काढून ठिवलेलं असतंय."

"हां! म्हंजे खोटं बी आधीच काढून ठिवलेलं."

सगळी खोली हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. पत्रोबावर आम्ही इतक्या दिवसांत एवढं मनापासून हसलो नव्हतो.

नागोरावांनी मग तिला चिंचणीला नेलं, बंगला दाखवायला. पण मालिका तोवर बंद पडलेली. इतकी वाईट मालिका कोण किती दिवस चालवणार? माणसं गेलेली, पत्रा भंगारात गेलेला, बंगल्याला कुलूप. फाटकाशी एक बाई सुकत घातलेली मासळी परतत होती. तिनं एवढा उंच माणूस बघितला आणि हसली. झालं. त्या हसण्यावर बायडीनं पुढची तीस वर्षं काढली.

तेव्हापासून आमच्या चाळीत ‘चिंचणीवाली’ राहायला आली. कुणी तिला बघितलेलं नाही, पण ती होती. नागोरावांना यायला उशीर झाला, की बायडी म्हणायची, "चिंचनीवालीनं बसवून घेतलं आसंल." भाजीत मीठ कमी पडलं, की, "जा चिंचनीला, तिच्या हातचं मीठ गोड लागतंय तुमाला." मनीषच्या लग्नात नागोरावांनी नवीन शर्ट घातला, तर मांडवात सगळ्यांच्या देखत, "कोनाला दाखवायचाय?" नागोराव वाकून आत जात, वाकून बाहेर येत. सुरुवातीला ते दरवेळी म्हणायचे, मी पत्र्यात होतो. मग वर्षातून एकदा म्हणायला लागले. मग बंदच झाले.

आता माझ्या नातीचं सांगते. स्वरा पालघरला कॉलेजात जाते. एके दिवशी ती फोन घेऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, हे बघ, किती नॉस्टॅल्जिक आहे ना!"

मी म्हटलं, "म्हंजे काय गं?"

"म्हणजे जुन्या दिवसांची आठवण येऊन छान वाटतं ते."

"तू तर तेव्हा जन्माला पण आली नव्हतीस. तुझी आई फ्रॉकात होती."

"तरी वाटतं," ती म्हणाली.

आता ज्यांनी ते दिवस काढले त्यांना आठवायला सवड नाही, आणि ज्यांनी बघितले नाहीत त्यांना आठवण येते. असो. फोनवर बघते तर काय, पत्रोबा! कुणाच्या तरी घरी जुन्या कॅसेटी निघाल्या होत्या आणि त्यानं दोन-चार भाग जगाला दाखवायला सोडले होते. वर लिहिलेलं, ‘मराठीतला सगळ्यात भंगार रोबो’. लोक नुसते तुटून पडले होते. कुणी लिहिलं होतं की याच्यापेक्षा आमचा फ्रिज बरा चालतो. कुणी लिहिलं होतं, आतल्या माणसाला कुणीतरी पाणी द्या रे. लाखभर लोकांनी बघितलं होतं म्हणे.

मी स्वराला म्हटलं, "जा, नागोराव आजोबांना बोलाव."

नागोराव आले. दारातून वाकून आत शिरले आणि तिथंच उंबऱ्याजवळ खुर्ची ओढून बसले, कारण गुडघ्यांमुळे त्यांना पुढं यायचं जिवावर येतं. स्वरानं फोन त्यांच्या हातात दिला. ते बघत राहिले. त्यांचं तोंड हळूहळू असं उजळलं, की मला वाटलं यांना खालचं वाचता येत नाहीये.

"आजोबा, लोक हसतायत," स्वरा घाबरत म्हणाली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"हसू दे की, पोरी. हसायसाठीच होतं त्ये. तवा कुनी हसलं नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैनी, लाखभर लोकांनी बघितलं. घरातलं एक मानूस तेवढं बघंना."

"बघायला लावू," मी म्हटलं.

बोलून गेले खरी, पण बायडीला बघायला लावणं म्हणजे रेड्याला जिना चढवणं. पत्रोबाचं नाव काढलं तर ती आमच्या दारात पाऊल टाकणार नाही, हे नक्की. म्हणून मी तिला निरोप धाडला, की आमच्या टीव्हीवर जुना चौबेजी लागलाय, ये. स्वरानं फोनचं टीव्हीवर आणून ठेवलं होतं. ते कसं करतात मला विचारू नका.

बायडी आली. नागोराव दाराशी खुर्चीवर. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, गुडघे चुकवून आत आली आणि माझ्या शेजारी पलंगावर बसली. चौबेजी सुरू झाला. पापड उडाले. टँकर उशिरा आला. आम्ही दोघी वाट बघत होतो, हसू कधी येतंय याची.

"ताई," बायडी म्हणाली, "ह्येच्यावर आपन एवढं हसत होतो?"

"तेव्हा चंद्रावर टँकर येतो याचं हसू यायचं. आता आपल्या गल्लीत येतो."

ती चांगली मालिका अजूनही चांगलीच होती. सगळं नीट, जिथल्या तिथं. पण चांगल्या गोष्टीला आपली गरज नसते, ती आपल्याशिवायही चांगली राहते.

मी स्वराला डोळा मारला. पडद्यावर ‘आमचा पत्रोबा’ अशी पाटी आली.

बायडी ताडकन उठली. "आस्सं हाय व्हय! तुमी बी त्येंच्यात सामील, ताई?" आणि दाराकडे निघाली. पण दारात नागोराव. त्यांना उठायचं म्हणजे आधी हात खुर्चीवर रोवायचे, मग एक गुडघा, मग दुसरा, मग देवाचं नाव. ते उठायला लागले आणि अर्ध्यावर अडकले. बायडी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"उठा की!"

"उठूच लालोय."

"मुद्दाम करायलाव."

"गुडग्याला इचार."

तोवर मागं मालिका सुरू झालेली. वहिनी स्वयंपाकघरात, दार आपटलं, भिंत हलली, आणि मी हसायला लागले ते थांबेचना. स्वराही हसत होती. मनात म्हटलं, काय भंगार होतं हे, आणि किती बरं वाटतंय! पत्रोबा आला. तसाच, काटा मोडल्यासारखा.

"बघ," नागोराव अर्धवट उभे राहून म्हणाले. "चाल बघ माझी."

बायडीनं मान वळवली, तेवढीच. "पत्र्यात घातलं तर कुनीबी आसंच चालंल."

"उंची बघ."

"उंच मानसं काय कमी हायेत जगात?"

पुढं असं होतं, की वहिनी म्हणतात, पत्रोबा, कोशिंबीर कर. काकांनी त्याला भाजी चिरायचं यंत्र बसवलेलं असतं, ते फिरतच नाही. पत्रोबा यंत्राकडे बघतो, कांद्याकडे बघतो. मग कांदा ओट्यावर ठेवतो. डावा पंजा उचलतो आणि समोर उभ्या वहिनींच्या डोळ्यांपुढं आडवा धरतो. आणि उजव्या हाताच्या बुक्कीनं कांदा फोडतो. वहिनी एवढ्या दचकल्या, की त्यांनी पुढचं वाक्य म्हटलंच नाही. मागं हसण्याचा आवाज आला तोही उशिरा. ते काही लिहून दिलेलं नव्हतं, हे माझ्यासारखीलाही कळलं.

खोलीत मी एकटीच हसत होते. मग माझंही हसू थांबलं.

बुक्कीनं कांदा फोडणारे तिकडं परभणीला घरोघरी आहेत. पण हाताचा आडोसा धरणारा मी एकच बघितलाय. बायडी नवी नवरी असताना शेतात जेवायला बसले होते म्हणे. नागोरावांनी रुबाबात कांदा फोडला आणि रस उडाला तो थेट हिच्या डोळ्यात. दिवसभर डोळा लाल, आणि नणंदा म्हणत राहिल्या, माहेरच्या आठवणीनं रडतेय. त्या दिवसापासून नागोराव आधी तिच्या डोळ्यांपुढं डावा हात धरतात आणि मग कांदा फोडतात. भांडण झालेलं असो, बोलणं बंद असो, हात येतोच. ती चिंचणीवालीवरून त्यांना शिव्या घालत असते, ते गप्प असतात, पण हात धरलेला असतो. हे मी त्यांच्या घरी जेवताना किती वेळा पाहिलंय. माझ्या डोळ्यांपुढं त्यांनी कधी हात धरला नाही. माझ्या डोळ्यात दोनदा कांदा गेलाय.

बायडी टीव्हीकडे बघत उभी होती. स्वरानं चित्र थांबवलं. लाल दिवा पेटलेला, पंजा हवेत.

"मागं घे गं," बायडी म्हणाली.

स्वरानं मागं घेतलं. पुन्हा कांदा, पुन्हा हात, पुन्हा बुक्की.

"आनखी येकदा."

तीनदा बघितलं तिनं. नागोराव एव्हाना पूर्ण उभे राहिले होते. दार मोकळं होतं, पण जाणार कोण? त्यांचा चेहरा मला बघवेना. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी असतो तसा.

बायडी वळली. खाली मान घालून बघणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या माणसाकडे तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "त्या बाईच्या डोळ्याम्होरं हात कामून धरला?"

"आं?"

"कोन लागती ती तुमची? तिच्या डोळ्यात गेला आसता कांदा तर काय जग बुडालं आसतं?"

स्वरानं कपाळाला हात लावला. नागोराव चाचपडले. "आगं, त्या पत्र्यातून काय दिसतंय? दोन भोकं होती, बोटाएवढी. घामानं ती बी गेली. कांदा हातात आला. समोर कोन हाय कळंना. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"घरीच हाय."

बायडी पलंगावर येऊन बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाटलं म्हनं." आणि उठून पदरानं टीव्हीच्या काचेवरची धूळ पुसली, जी नव्हतीच.

‘तुम्ही खरं बोललात’ हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. नागोरावांनी वाट बघितली, मग वाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे लसूण सोलायला आली. थोडा वेळ सोललं आणि हात थांबला.

"ताई, म्हंजे ती नव्हतीच की वो."

"कोण?"

"चिंचनीवाली."

"नव्हतीच."

"मी तर तिच्यापायी बोंबील शिकले. आमच्या गावाकडं मासा म्हनलं तर भांडं बाहेर काढतेत. पन मला वाटायचं, ती किनाऱ्याची, ती ह्यांना बोंबील करून घालत आसंल, मी कामून कमी पडू? तुमीच शिकवले की. पहिल्यांदा वासानं मी ओकले होते."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं हिला आवड लागली. आणि खरी गंमत अशी, की नागोरावांना मासे मुळीच खपत नाहीत. मला त्यांनी स्वतः सांगितलंय. इतकी वर्षं ते ताटातला बोंबील निमूट संपवायचे, बायकोला आवडतो म्हणून.

मी तिला सांगितलं. ती असा काही लसूण सोलायला लागली, की पाकळ्या उडाल्या. "सांगायला काय झालं होतं? तोंडाला काय पत्रा लावला होता का?"

पण म्हणाली ते हसत. ते हसू बघून मला वाटलं, आता संपलं. तसं कुठलं! संध्याकाळी स्वरा कॉलेजातून आली, तर बायडी तिच्या आधी येऊन बसलेली.

"पोरी, त्या पत्रोबाच्या खाली लोकं काय काय लिवतेत म्हनं. वाच बरं."

स्वरानं वाचलं. फ्रिजचं वाचलं. पाण्याचं वाचलं. एकानं लिहिलं होतं, आत बहुतेक दारू पिऊन कुणीतरी होतं.

"दारू?" बायडी उठून उभी राहिली. "माझ्या नवऱ्यानं जल्मात थेंब घेतला नाही! लिव. लिव म्हनते ना. म्हनावं, आत माझा नवरा होता. नाव नागोराव. ॲसिडात उभं ऱ्हानारा मानूस, म्हनून तुमच्या पत्र्यात टिकला. आन् चाल वाकडी नव्हती, तुमची फरशी वाकडी आसंल."

स्वरानं लिहिलं, तिच्याच शब्दांत. मी म्हटलं, आता तरी नागोरावांना बोलवा. ते आले, दाराशी बसले. बायडीनं स्वतः लिहायला लावलेलं त्यांना सांगितलं, एकेक शब्द, आणि सांगताना त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. नागोराव ऐकत राहिले. त्यांचं तीस वर्षांचं जे काय राहिलं होतं, ते त्यांना त्या भिंतीकडून मिळालं.

थोड्या वेळात फोन टिंग टिंग वाजायला लागला.

"काय म्हनतेत?" बायडीनं विचारलं.

स्वरा वाचेना. "जाऊ दे ना, बायडीआजी."

"वाच!"

"एक म्हणतोय, हो का, आजी? मग चौबेजीच्या चंद्रावर आमचे आजोबा होते." स्वरानं अंगठा फिरवला. "दुसऱ्यानं लिहिलंय, पाटीवर तर दुसऱ्याच नटाचं नाव आहे, फेकू नका. आणि एक नुसता हसतोय."

बायडीचं तोंड लाल झालं. "फेकू नका? आगं, मी खोटं कामून बोलू? मला काय मिळायचंय? मी डोळ्यानं बघितलं, हात वळकला मी त्यो! ह्यांना कसं कळंना? ताई, खरं सांगायलंय तरी मानसं कशी ऐकंनात वो?"

नागोराव खुर्चीवर सरकून बसले. त्यांना एवढं निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बायडे," ते म्हणाले, "घाई करू नको. तीस वर्सं लागत्येत."

बायडीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की स्वरानं फोन मांडीखाली लपवला. मग बायडी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "काढ गं त्यो फोन. पुना लिव."